माळ्यावरची सायकल : दुरुस्ती की नवी खरेदी?

व्यापारी घरांत वस्तू सहसा टाकून दिली जात नाही. पितळी हंडे, जुन्या वह्यांची बासने, बंद पडलेले तराजू, लोखंडी वजने या सर्वांना माळ्यावर किंवा गोदामाच्या कोपऱ्यात जागा मिळतेच. अनेक घरांत त्याच कोपऱ्यात एक सायकलही उभी असते. वडिलांची, थोरल्या काकांची किंवा आजोबांची. टायर वाळून चिरलेले, चेन गंजून आखडलेली, सीटवर धुळीचा थर. तरीही ती भंगारात देण्याचा विषय निघाला की घरातील कोणीतरी म्हणते, "राहू द्या, कधीतरी दुरुस्त करू."

ते "कधीतरी" आता अनेक घरांत आले आहे. पहाटेच्या वेळी आपल्या गावांच्या रस्त्यांवर तरुण मुलेमुली आणि पन्नाशी ओलांडलेले व्यापारीही सायकल चालवताना दिसू लागले आहेत. दोनशे किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांच्या आत पार करण्याच्या 'ब्रेव्हे' या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी हौसेने भाग घेतात. मग घरातील मुलगा नव्या सायकलीची किंमत सांगतो, ती काही दहा हजारांची, तर काही लाखाच्या पुढची असते, आणि घरातील वडीलधारे म्हणतात, "घरात एक आहे ना! तीच नीट करून घे."

हा वाद केवळ पैशांचा नसतो. त्यात आठवण असते, काटकसरीचा संस्कार असतो, आणि ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ती सुरक्षितताही असते. आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेल्यामुळे कोणत्याही वस्तूकडे तिची खरी किंमत काय या दृष्टीने पाहण्याची सवय मला लागली आहे. त्याच दृष्टीने हा प्रश्न येथे मांडतो.

कोणती सायकल, हे आधी ठरवावे

आपल्याकडील जुन्या सायकली दोन प्रकारच्या. पहिली सर्वांच्या परिचयाची, काळी, सरळ हँडलची, भक्कम कॅरिअरची. दुधाच्या किटल्यांपासून कापडाच्या गाठींपर्यंत सर्व काही तिने वाहिले. दुसरी मेंढ्याच्या शिंगांसारख्या खाली वळलेल्या हँडलची, अरुंद टायरची, पाच किंवा दहा गिअरची. तिला त्या काळी लोक 'रेसिंग सायकल' म्हणत. आज तिच्याच वंशजांना 'रोड बाइक' म्हणतात. या लेखाचा विषय मुख्यतः ही दुसरी सायकल आहे.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरील एका लहान कारखान्यात १८८७ साली फ्रँक बाउडेन यांनी पैसे गुंतवले आणि त्या रस्त्याचे नाव जगभर पोहोचले. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशातही हा उद्योग वेगाने उभा राहिला. आसनसोलजवळ सेन-रॅले, १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. त्या काळी सायकल ही मालमत्ता होती. तिच्यावर नगरपालिकेचा कर असे आणि तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला मिरवावा लागे. सरकारी कर्मचाऱ्याला सायकल घेण्यासाठी बिनव्याजी अग्रिम मिळे. केंद्र सरकारने ती सोय सातव्या वेतन आयोगानंतर बंद केली. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, माळ्यावरची सायकल ज्या काळातील आहे त्या काळची मापे, आटे आणि सुटे भाग आजच्याहून वेगळे आहेत. दुरुस्तीचा निम्मा हिशेब तेथेच ठरतो.

आधी तारण तपासावे

बँकेत कर्ज देण्यापूर्वी तारण पाहिले जाते. इमारतीचा रंग उडालेला असला तरी चालते. पाया खचलेला असला तर चालत नाही. सायकलीचा पाया म्हणजे तिचा सांगाडा, ज्याला आपण फ्रेम म्हणतो, आणि पुढचा चिमटा. बाकी सर्व भाग बदलता येतात. म्हणून एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी फ्रेमची परीक्षा करावी. ती घरच्या घरी करता येते.

पहिली परीक्षा बोटांची. हँडलच्या खालच्या उभ्या आखूड नळीपासून पायडलकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीच्या खालच्या अंगावरून, अगदी सांध्याच्या मागे, बोट हळूच फिरवावे. समोरून जोराची धडक बसलेली असेल तर तेथे नळीला बारीक सुरकुती किंवा फुगवटा येतो. रंगाला आडवी भेग दिसणे हीही तीच खूण. हीच तपासणी वरच्या नळीलाही लागू आहे.

दुसरी परीक्षा दोऱ्याची. मागचे चाक काढून, चाकाच्या एका बाजूच्या खाचेपासून दोरा पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून बांधावा. मधल्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर पट्टीने मोजावे. फरक एक-दोन मिलिमीटरच्या आत असेल तर फ्रेम सरळ आहे. त्याहून बराच अधिक असेल तर ती पिळवटलेली आहे.

तिसरी परीक्षा गंजाची. वरवरचा गंज पाहून घाबरू नये. क्रोमच्या भागावरील तांबूस डाग अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी निघतात. खरा धोका आतल्या गंजाचा. सीटचा दांडा काढून आत विजेरीने पाहावे, सायकल उलटी करून खपल्या पडतात का ते पाहावे, आणि पायडलजवळच्या सांध्याखाली, जेथे वर्षानुवर्षे पाणी साचते, तेथे टोकदार वस्तूने हलके टोचून पाहावे.

पुष्कळदा हा सीटचा दांडाच निघत नाही. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, नळी पोलादाची आणि मध्ये पावसाळ्याचा ओलावा असला की दोन धातूंत रासायनिक क्रिया होऊन ते एकमेकांना घट्ट धरतात. अशा वेळी हातोडा उचलू नये. भेदक तेल सोडून चार-पाच दिवस थांबावे, रोज थोडे तेल घालावे आणि मग पिळून काढण्याचा प्रयत्न करावा. या कामात संयमाला जितके फळ मिळते तितके बळाला मिळत नाही.

दोन घरांची दोन उत्तरे

सांगलीतील एका अडत व्यापाऱ्याच्या घरी हा प्रश्न निघाला तेव्हा हिशेब मांडण्यासाठी मला बोलावणे आले. सायकल इंग्रजी रॅले, दहा गिअरची. लेस्टरला स्थायिक झालेल्या नातेवाइकाने १९७९ साली आणलेली. घरातील कर्ते पुरुष तिच्यावरून महाविद्यालयात आणि पुढे कित्येक वर्षे बाजार समितीत जात. ते तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या नातवाला ब्रेव्हेत उतरायचे होते. त्याला नवी सायकल हवी होती. आजींची इच्छा होती की आजोबांचीच सायकल त्याने चालवावी. मधल्या पिढीचे गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, आम्ही त्यात गुंतलेली माणसे. कागदावर तुम्हीच मांडा."

गावातील एका वयोवृद्ध कारागिराला बोलावले. त्यांनी सायकल अंगणात उजेडात घेतली, फडक्याने तिरपी नळी पुसली आणि बोट फिरवले. मग माझे बोट धरून त्याच जागी टेकवले. तेथे तांदळाच्या दाण्याएवढी उंच अशी एक लाट होती आणि रंगाला केसासारखी आडवी चीर. दोऱ्याच्या परीक्षेचीही गरज उरली नाही. ते आजींना म्हणाले, "वहिनी, ही कधीतरी समोरून जोरात धडकली आहे. मी बांधून देईन, चकाचक करून देईन; पण पोराला हिच्यावर बसू देणार नाही."

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांना आठवले, लग्नानंतर चार-पाच वर्षांनी एकदा रात्री ते कपाळाला पट्टी बांधून घरी आले होते आणि दुकानात फळी लागली एवढेच सांगितले होते. इतक्या वर्षांनी त्या अपघाताची साक्ष त्या नळीने दिली. आजींनी नातवाला जवळ बोलावून सांगितले, "बाळा, तुझी नवी घे. त्यांची मला दिसेल अशी कुठेतरी ठेव."

पोलादी फ्रेमची एखादी नळी बदलता येते, हे खरे. सांधे पितळाच्या वितळजोडीने केलेले असल्याने कुशल कारागीर ती उकलून नवी नळी बसवू शकतो. परंतु असे काम करणारे हात थोडे आहेत आणि खर्च सायकलीच्या मोलाहून सहज अधिक होतो. त्या घराने ती वाट घेतली नाही. फ्रेम पुसून, तेलाचा हात फिरवून ती पेढीच्या भिंतीवर टांगली आहे आणि नातू नव्या सायकलीवर सराव करतो.

दुसरे घर इचलकरंजीतील सूत व्यापाऱ्यांचे. गृहस्थ चोपन्न वर्षांचे. सायकल त्यांची स्वतःची, महाविद्यालयीन काळातील. फ्रेम तपासली तर सरळ, गंज वरवरचा, सीटचा दांडा मात्र अडकलेला, तो सहाव्या दिवशी निघाला. त्यांना स्पर्धा करायची नव्हती. रोज पहाटे पंधरा-वीस किलोमीटर सपाट रस्त्याने जावे आणि दुकान उघडण्यापूर्वी परतावे, एवढीच अपेक्षा. त्यांनी दुरुस्ती केली आणि समाधानाने चालवत आहेत. एका घरी जे उत्तर बरोबर ठरले ते दुसऱ्या घरी चुकीचे ठरले असते, हे यावरून ध्यानात यावे.

मापांचा घोळ

दुरुस्तीचे पैसे ज्या ठिकाणी वाया जातात ते ठिकाण म्हणजे मापे. टायरचेच पाहा. आपल्या काळ्या सायकलीचा '२८ इंची' टायर ज्या रिमवर बसतो तिच्या बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. जुन्या दहा गिअरच्या सायकलींचा '२७ इंची' टायर ६३० मिलिमीटरचा. आजच्या रोड बाइकचा '७०० सी' टायर ६२२ मिलिमीटरचा, आणि गंमत अशी की त्यावरही कधी कधी २८ इंच असेच छापलेले असते. तीन टायर, तीन मापे. एकाचा दुसऱ्यावर बसत नाही. दुकानात जाताना टायरच्या कडेवरील अंक लिहून न्यावेत. '२८ चा द्या' असे तोंडी सांगू नये.

पायडलच्या आसाचे कप हा दुसरा सापळा. प्रचलित इंग्रजी मापात एका इंचात २४ आटे असतात. रॅलेने आपल्या अनेक सायकलींना अनेक वर्षे २६ आट्यांचे स्वतःचे माप ठेवले. नवा कप जबरदस्तीने फिरवला तर फ्रेमचेच आटे मरतात. शिवाय इंग्रजी मापात उजव्या बाजूचा कप उलट आट्याचा असतो, म्हणजे तो सोडवण्यासाठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे न जाणणारा माणूस जितका जोर लावील तितका तो कप अधिक घट्ट होतो.

मागच्या चाकासाठी फ्रेममध्ये किती जागा आहे हेही मोजावे. पाच गिअरच्या काळात ती १२० मिलिमीटर होती, सहा-सातच्या काळात १२६, पुढे १३० झाली. पोलादी फ्रेम जाणत्या हातांनी चार मिलिमीटर फाकवता येते. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मात्र कधीही फाकवू नये. तसेच जुने हँडल आणि त्याला धरणारा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो दिसायला चांगला असला तरी बदलावा. वारंवार ताण पडून या धातूला थकवा येतो आणि तो पूर्वसूचना न देता तुटू शकतो. हँडल तुटण्याचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिम सुंदर दिसतात; परंतु पावसात त्यांच्यावर ब्रेकचे रबर अक्षरशः घसरते. पावसाळ्यात चालवायची असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या रिम बसवणे हा चैनीचा खर्च मानू नये. २७ इंचीच्या जागी ७०० सी रिम घेतल्यास टायरही सर्वत्र मिळतात. मात्र रिमचा काठ चार मिलिमीटर खाली जातो, तेव्हा ब्रेकचे रबर तेथपर्यंत पोहोचते की नाही हे आधी पाहावे.

खर्चाचा ताळेबंद

इचलकरंजीच्या गृहस्थांनी प्रत्येक खर्चाची नोंद ठेवली होती. अ‍ॅल्युमिनियमच्या रिम आणि नव्या तारा घालून दोन्ही चाके बांधणे ६,४०० रुपये. टायर-ट्यूब २,६००. चेन आणि फ्रीव्हील १,९००. ब्रेकचे रबर, तारा आणि आवरणे १,३००. छर्रे, कोन आणि ग्रीस ७००. सीट आणि हँडलची पट्टी २,१००. मजुरी ४,०००. एकूण १९,००० रुपये. आरंभी त्यांचा अंदाज सहा-सात हजारांचा होता.

या नोंदीत तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, सर्वांत मोठी रक्कम चाकांची आहे. म्हणून दुरुस्ती करण्यापूर्वी चाके फिरवून पाहावीत. नुसती आउट काढून भागत असेल तर खर्च एकदम खाली येतो. दुसरी, रंगाचा खर्च शून्य आहे. मूळ रंग आणि मूळ अक्षरे हीच जुन्या सायकलीची ओळख असते. गंज थांबवून वर मेण लावणे पुरेसे होते. तिसरी, चेन आणि फ्रीव्हील एकत्र बदलले आहेत. चेनचे बारा पूर्ण दुवे बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. ते एक अष्टमांश इंचाने वाढले असतील तर चेन झिजली आहे, आणि तिच्या सोबत दातेही झिजलेले असतात. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली तर ती उड्या मारते.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने विचार करू. हे १९,००० रुपये ही गुंतवणूक नव्हे. सायकल विकायला काढली तर ते परत येणार नाहीत. पुस्तकात घसारा होऊन जिची किंमत एक रुपया उरली आहे अशा यंत्रावर केलेला तो देखभाल खर्च आहे. त्याचा परतावा वापरात मोजावा. हे गृहस्थ वर्षात अडीचशे दिवस सायकल चालवतात. चार वर्षांत हजार दिवस होतील, म्हणजे दिवसाला १९ रुपये. पण हीच सायकल चकाचक होऊन पुन्हा माळ्यावर गेली तर तो पूर्ण खर्च बुडीत खाती जाईल. नव्या सायकलीलाही हाच नियम लागू आहे.

दुसरी गोष्ट, 'आतापर्यंत इतके घातले आहेत, आता मागे कसे फिरायचे' हा विचार टाळावा. गेलेला पैसा गेलेला असतो. पुढचा प्रत्येक रुपया खर्च करताना तो आज नव्याने करण्यासारखा आहे का, एवढेच विचारावे. यासाठी कामाला हात घालण्यापूर्वी एक मर्यादा ठरवून ती वहीत लिहावी. चांगल्या स्थितीतील नव्या सायकलीच्या किमतीच्या निम्म्याहून दुरुस्ती पुढे जाऊ लागली, की थांबून पुनर्विचार करावा. आणि अंदाजावर किमान एक चतुर्थांश रकमेची तरतूद अधिक ठेवावी, कारण उघडल्याशिवाय न दिसणारे दोष जुन्या यंत्रात असतातच.

करांचा विचारही हिशेबात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांचे सुटे भाग यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत ४०,००० असलेल्या सायकलीवर हा फरक २,८०० रुपयांचा होतो. सुट्या भागांवरही सवलत असली तरी दुरुस्तीत रक्कम लहान असल्याने लाभही लहान. म्हणून या बदलाचा काटा किंचित नव्याच्या बाजूला झुकतो.

नव्याच्या बाजूने

जुन्याविषयी ममत्व असले तरी नव्याचे गुण मान्य केले पाहिजेत, आणि त्यांत सर्वांत मोठा गुण वजनाचा नाही. दुकानदार वजनाविषयी फार बोलतात. जुनी पोलादी सायकल बारा किलोची आणि नवी नऊ किलोची धरली, आणि चालवणारा सत्तर किलोचा असला, तर एकूण वजन ८२ वरून ७९ किलोवर येते. हा फरक चार टक्क्यांहूनही कमी आहे. तासाभराच्या घाटात फार तर दोन मिनिटे वाचतील.

खरा फरक गिअरचा आहे. जुन्या सायकलीला पुढे ४० दात्यांचे लहान चक्र आणि मागे २८ दात्यांचे सर्वांत मोठे चक्र असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ३.१ मीटर पुढे जाते. नव्या सायकलीला पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील तर हेच अंतर सुमारे २.२ मीटर होते. मिनिटाला साठ फेरे धरले तर जुन्या सायकलीवर चढणीला ताशी अकरा किलोमीटर वेग राखावा लागेल. नवीवर आठ किलोमीटरने भागेल. पन्हाळ्याची चढण किंवा खंबाटकीचा घाट चढताना गुडघ्यांना हा फरक जाणवतो. पन्नाशीनंतर घाटात जायची इच्छा असेल तर हा मुद्दा निर्णायक मानावा.

ब्रेकच्या बाबतीतही नवी सायकल पुढे आहे. डिस्क ब्रेक पावसातही विश्वासाने लागतात. गिअर बदलण्याच्या कळा हँडलवरच असल्याने हात काढावा लागत नाही. जुन्या सायकलीत त्या तिरप्या नळीवर असत. एक खटका, एक गिअर ही सोय जपानच्या शिमानोने १९८४ मध्ये उत्तम रीतीने रूढ केली. त्यापूर्वी कळ अंदाजाने सरकवून कानाने ऐकून गिअर जुळवावा लागे. ती सवय असलेल्यांना त्यात आनंद वाटतो, आणि असा साधा गिअर बिघडतही कमी; पण गर्दीच्या रस्त्यावर नवख्या मुलाने एक हात काढून खाली वाकणे धोक्याचे आहे.

नव्याच्या विरुद्धही एक मुद्दा आहे. कार्बनची फ्रेम हलकी असली तरी आघातानंतर तिच्यातील इजा बाहेरून दिसेलच असे नाही. पोलाद वाकते, सुरकुतते, रंगाला चीर पाडते. सांगलीच्या त्या फ्रेमने चाळीस वर्षांनीही खूण जपून ठेवली होती.

मापाविषयी एक शब्द सर्वांसाठी. आजोबांची सायकल उंच असेल आणि नातीची उंची कमी असेल तर कोणतीही दुरुस्ती त्यावर उपाय नाही. वरची नळी दोन पायांत घेऊन उभे राहिल्यावर शरीर आणि नळी यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. ते राहत नसेल तर विषय तेथेच संपवावा.

सीटचा प्रश्न

आपल्या वाचकांच्या घरी एक प्रश्न निघतोच, तो सीटचा. जुन्या चांगल्या सायकलींच्या सीट बहुधा चामड्याच्या असत आणि जुन्या सायकलींचे शौकीन त्या सीटला फार मोल देतात. ज्यांच्या घरी चामडे वर्ज्य आहे त्यांनी त्यामुळे दुरुस्तीचा विचार सोडण्याचे कारण नाही. चामड्याच्या सीटसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील ब्रुक्स या कंपनीनेच २०१३ पासून नैसर्गिक रबर आणि सुती कापडाची सीट बाजारात आणली आहे, आणि कृत्रिम आवरणाच्या स्वस्त सीट तर सर्वत्र मिळतात. हँडलची पट्टीही कापसाची किंवा कृत्रिम मिळते. नवी सायकल घेतानाही हा प्रश्न दुकानदाराला स्पष्ट विचारावा.

निर्णय कसा करावा

सारांश असा. फ्रेमला सुरकुती, चीर किंवा आतून गंज असेल तर प्रश्नच उरत नाही. ती सायकल आठवण म्हणून ठेवावी, चालवू नये आणि कोणाला चालवायला देऊही नये. फ्रेम सरळ आहे, माप जुळते आहे, वापर सपाट रस्त्याचा आणि मध्यम अंतराचा आहे, आणि चालवणारा अनुभवी आहे, तर दुरुस्ती हा उत्तम मार्ग. दीर्घ अंतर, घाट, पाऊस किंवा नवखा चालक असेल तर नवी घ्यावी, आणि किमतीच्या चढाओढीत न पडता गिअर, ब्रेक आणि माप या तीन गोष्टींवर पैसे खर्च करावेत.

जुन्या सायकलीला मान नाही असे मात्र समजू नये. इटलीतील तस्कनी प्रांतात गायओले इन किआंती या गावी १९९७ पासून 'लेरोइका' नावाची सायकल यात्रा भरते. तिच्यात १९८७ पूर्वीच्या बांधणीच्या रोड सायकलींनाच प्रवेश असतो. जगभरातून लोक आपल्या वडिलांच्या सायकली घेऊन तेथे कच्च्या रस्त्यांवर धूळ खायला येतात. आपल्याकडे पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यातच ते असावे हे योग्यच आहे.

आणखी एक विनंती. निर्णय कोणताही झाला तरी आपल्या गावातील जुन्या कारागिराकडे एकदा जावे. चाकाची आउट नुसत्या नजरेने काढणारे, आटा बोटाने ओळखणारे, आणि गिऱ्हाईक हातचे जाईल हे ठाऊक असूनही "पोराला बसू देणार नाही" असे सांगणारे हात आता थोडे उरले आहेत. त्यांच्या मजुरीत घासाघीस करू नये. शक्य झाल्यास घरातील मुलाला एक दिवस त्यांच्या दुकानात बसवावे. पंक्चर काढणे, चेन मोजणे, ब्रेकची तार ताणणे एवढे जरी तो शिकला तरी पुढे जुनी असो वा नवी, त्याची सायकल माळ्यावर जाण्याची वेळ सहसा येणार नाही.